काळा पडदा, मग डेस्कटॉप: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. तेव्हापासून शहापुरातल्या माझ्या खोलीत जुने कॉम्प्युटर यायचं वाढलंय. कुणाच्या वाचनालयातला, कुणाच्या पत्रिका छापायच्या दुकानातला, कुणाचं पोरगं पुण्याला गेल्यावर घरी धूळ खात पडलेला. बहुतेकांवर मी डेबियन लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी सिस्टम घालून देतो. काही जण स्वतः घालायला बसतात आणि अर्ध्यावर फोन करतात. फोनवरचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

एक सूचना आधीच देतो. कमांड इथे देवनागरीत, फोनवर बोलतो तशा लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. आणि 'डॅश' म्हटलं की आडवी रेघ मारायची. खानापूरकडच्या एका गुरुजींना मी फोनवर 'एस-यू, जागा, डॅश' सांगितलं. त्यांनी डॅश हा शब्दच अक्षरं जुळवून लिहिला, आणि कॉम्प्युटरने कळवलं की डॅश नावाचा माणूस इथे राहत नाही. दहा मिनिटं आम्ही दोघंही त्या माणसाला शोधत होतो.

इन्स्टॉल नीट झालं, पण चालू केल्यावर काळ्या पडद्यावर नुसतं 'लॉगिन' येतंय. काय बिघडलं?

काही बिघडलेलं नाही. सिस्टम पूर्ण बसलीय, फक्त डेस्कटॉप बसलेला नाही. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर निवडायची यादी येते. तिथे डेस्कटॉपची खूण निघाली असेल, नाहीतर नेमकं तेव्हा नेट गेलं असेल.

विंडोजची सवय असलेल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण तिथे सिस्टम आणि डेस्कटॉप वेगळे काढताच येत नाहीत. युनिक्सच्या घराण्यात तसं नाही. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलं, तेव्हा त्यात पडद्यावरच्या खिडक्या नव्हत्याच. चित्रं दाखवणारी एक्स विंडो सिस्टम १९८४ मध्ये एमआयटीत तयार झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. आजही तुमच्या एक्सएफसीई या डेस्कटॉपखाली तीच अकरावी चालते. म्हणजे ग्राफिक्स हा मागून चढवलेला थर आहे, आणि तो नसला तरी खालचं सगळं मजेत चालू असतं.

वडगाव-शहापूरच्या लोकांना मी मागाचं उदाहरण देतो. मागाचा सांगाडा वेगळा, ताणा वेगळा, नक्षी वेगळी. नक्षी बदलली म्हणून कुणी माग मोडून टाकत नाही. इथे कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, हा सांगाडा. त्यावर पडद्याशी बोलणारा एक्स किंवा त्याच्या जागी आलेला नवा वेलँड. त्यावर खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा विंडो मॅनेजर. मग पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर असं सगळं मिळून डेस्कटॉप. आणि दारात उभा राहून नाव-पासवर्ड विचारणारा डिस्प्ले मॅनेजर. पुढचे बहुतेक प्रश्न यातला कुठला थर रुसलाय ते ओळखण्याचेच आहेत.

मग डेस्कटॉप चढवायचा कसा?

त्या काळ्या पडद्यावर आपलं नाव-पासवर्ड देऊन आत जा. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत; कीबोर्ड चालू आहे, घाबरू नका. मग 'एस-यू, जागा, डॅश' देऊन रूटचा, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड टाका. त्यानंतर 'एपीटी अपडेट' (एपीटी म्हणजे नेटवरून सॉफ्टवेअर आणून बसवणारी कमांड). ते संपलं की 'एपीटी इन्स्टॉल टास्क-डॅश-एक्सएफसीई-डॅश-डेस्कटॉप'. डाउनलोड मोठं असतं, चहा घेऊन या. संपल्यावर 'रीबूट'. लाइटडीएमची लॉगिनची चौकट समोर आली की झालं.

आधीपासून दुसरा डिस्प्ले मॅनेजर असेल तर मध्येच कुठला ठेवायचा असं विचारतं. तिथे लाइटडीएम निवडा. ऑफिसचं पॅकेज वगैरे नको आणि डिस्क लहान असेल, तर टास्कच्या जागी नुसतं 'एक्सओआरजी एक्सएफसीई४ लाइटडीएम' अशी तीन नावं दिली तरी डेस्कटॉप येतो.

'तुमचं नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही' म्हणून दमदाटी करतो. मी तर मालक आहे!

मालक होय की, पण त्याला सांगितलं कुणी? इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिला की डेबियन तुम्हाला सुडोचा, म्हणजे रूटची कामं आपल्या नावाने करायचा, हक्क देत नाही. तो रकाना रिकामा सोडला की आपोआप देतो. आता उपाय: 'एस-यू, जागा, डॅश' करून रूट व्हा, 'ॲडयूजर, जागा, तुमचं नाव, जागा, सुडो' द्या, आणि लॉगआउट होऊन परत या. परत आल्याशिवाय लागू होत नाही. इथे निम्मे लोक अडकतात.

उरलेले निम्मे 'एस-यू' नंतरची रेघ विसरतात. रेघेशिवाय तुम्ही रूट होता, पण वाटा जुन्या युजरच्याच राहतात, आणि मग 'ॲडयूजर नावाची कमांड सापडली नाही' असं उत्तर येतं. कमांड तिथेच असते, शोधायची दिशा चुकलेली असते.

आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचंच. चालेल का?

चालेल, आणि वायफायपेक्षा बरं चालेल. ॲन्ड्रॉइड फोन यूएसबी वायरीने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. कॉम्प्युटरला ते वायरीचं नेटवर्क कार्ड वाटतं, वायफायच्या ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो, तिथल्यांनी नेटइन्स्टचा, म्हणजे बाकी सगळं नेटवरून उतरवणाऱ्या लहान इन्स्टॉलरचा, नाद सोडावा. शहरात कुणाकडून तरी पहिल्या डीव्हीडीची इमेज पेनड्राइव्हवर घेऊन जा. डेस्कटॉप तिच्यातच असतो, नेट नसलं तरी बसतो.

डेस्कटॉप आला, पण आता वायफायच्या खुणेवर 'अनमॅनेज्ड' लिहून येतंय.

आधी काळा पडदा, मागून डेस्कटॉप, असं केलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. इन्स्टॉलरने नेटवर्कचा कारभार इटीसी फोल्डरातल्या नेटवर्क फोल्डरात, इंटरफेसेस नावाच्या फाइलला दिला होता. डेस्कटॉपबरोबर आलेला नेटवर्क मॅनेजर ती फाइल बघतो आणि 'हे दुसऱ्याचं शेत आहे' म्हणून बांधावरच थांबतो. त्या फाइलमध्ये 'एलओ' च्या ओळी तशाच ठेवा, बाकी कार्डाच्या ओळींच्या सुरुवातीला हॅशची खूण घाला, आणि रीबूट करा.

चार जीबी रॅम, दहा-बारा वर्षांपूर्वीचं मशीन. कुठला डेस्कटॉप?

एक्सएफसीई. विचारही करू नका. ऑलिव्हिए फुर्दां यांनी तो १९९६ मध्ये सुरू केला, केडीईही त्याच वर्षीचं, ग्नोम १९९७ चं. ग्नोम आणि केडीई दोन्ही आज देखणे आहेत, पण त्यांना आठ जीबी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स द्यावं. दोन जीबीचं मशीन असेल तर एलएक्सक्यूटी बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅम खातो तो डेस्कटॉप नव्हे, ब्राउझर. दहा टॅब उघडून 'लिनक्स हळू आहे' म्हणणाऱ्यांना मी काही सांगत नाही, टॅब मोजून दाखवतो.

खर्च करायचाच तर रॅमच्या आधी एसएसडी घाला. जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी घातली की तेच मशीन ओळखू येत नाही.

बत्तीस बिटचं मशीन असेल तर मात्र जपून. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला त्याचा इन्स्टॉलरच नाही. १२ वर काम भागतं, पण तेही किती दिवस, असा हिशेब करून ठेवा.

पासवर्ड बरोबर आहे, क्षणभर पडदा काळा होतो आणि परत लॉगिनच येतं.

पासवर्ड चुकीचा असता तर त्याने तसं सांगितलं असतं. याचा अर्थ दारापर्यंत सगळं ठीक, घरात पाय ठेवताना अडतंय. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबा, काळा पडदा येईल, तिथे लॉगिन करा. पहिली शंका डिस्क भरल्याची: 'डीएफ, जागा, डॅश-एच' द्या आणि कुठे शंभर टक्के दिसतंय का बघा. दुसरी शंका जास्त गमतीची. कुणीतरी उत्साहात 'सुडो स्टार्टएक्स' केलेलं असतं. त्यामुळे तुमच्या घरातली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाइल रूटच्या मालकीची होते, आणि मग तुम्हालाच तुमच्या घरात लिहिता येत नाही. 'एलएस, जागा, डॅश-एलए' मध्ये त्या फाइलसमोर रूट दिसलं, की सुडोने ती पुसून टाका. पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. या नावात फक्त एक्स हे अक्षर मोठं आहे, एवढं लक्षात ठेवा.

लॉगिनसुद्धा येत नाही. ओळी पळतात आणि मग पडदा मेल्यासारखा.

ग्राफिक्स कार्ड. सुरुवातीला ग्रबची, म्हणजे कुठली सिस्टम चालू करायची ते विचारणारी, यादी येते, तिथे 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. एवढ्या वेळेपुरतं साध्या ग्राफिक्सवर मशीन उघडेल. हा कायमचा इलाज नाही, आत शिरायची खिडकी आहे. आत गेल्यावर एएमडीचं कार्ड असेल तर फर्मवेअरचं पॅकेज बसलंय का ते तपासा, एनव्हीडियाचं असेल तर त्याच्या पिढीला चालणारा ड्रायव्हर बघा. साध्या इंटेल ग्राफिक्सवर असली कटकट मी फार क्वचित पाहिलीय. जुनं मशीन विकत घेताना ते लक्षात असू द्या.

मराठीच्या जागी चौकोन दिसतात, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.

चौकोन म्हणजे फाँट नाही. 'फाँट्स-डॅश-इंडिक' हे एकच पॅकेज घाला, देवनागरी आणि कन्नड दोन्ही येतात. नोटोचे फाँट हवे असतील तर 'फाँट्स-डॅश-नोटो-डॅश-कोअर'.

एक बारीक गोष्ट. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय मराठी वळण उघडत नाही. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा आणि ल कडे बघत राहा. एका पत्रिकावाल्या काकांना हे दाखवलं तर ते पाच मिनिटं नुसते हिंदी-मराठी, हिंदी-मराठी करत बसले होते.

एकाच कीबोर्डवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी. जमेल का?

जमेल, आणि मला विचाराल तर आपल्या भागासाठी लिनक्सचं हेच खरं सुख. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, पत्रिका मराठीत, बिलावरचा जीएसटी इंग्रजीत. असा दिवस काढणाऱ्याला तीन भाषा तीन प्रोग्राममध्ये नको असतात.

एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउटचा टॅब. 'सिस्टमचंच वापरा' ही खूण काढा, मग लेआउट वाढवता येतात. एक्स एका वेळी चारच लेआउट धरतो. इंग्रजी, मराठी, कन्नड आणि हिंदी घातली की पंगत भरली. बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवा, आणि पॅनेलवर एक्सकेबी प्लगिन लावा, म्हणजे आत्ता कुठली भाषा चालू आहे ते डोळ्यासमोर राहतं.

आता कुठला लेआउट? दोन रस्ते. इनस्क्रिप्ट शिकलात तर एकदाच शिकावं लागतं. इंग्रजी 'के' च्या बटणावर मराठीत क आहे आणि कन्नडमध्येही क च आहे, सगळ्या भारतीय लिप्यांना हाच नकाशा. दुसरा रस्ता 'कगप'चा. हे नाव बेंगळुरूच्या कन्नड गणक परिषदेवरून आलंय. सरकारी कचेरीत, शाळेत नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बोटं बसलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी लेआउटच्या यादीत मराठीचाही कगप आहे, तीच बटणं, फक्त अक्षर देवनागरी. एफ दाबला की हलन्त, हे बोटांना आधीच माहीत असतं. कन्नड माध्यमात शिकलेल्या आमच्या गल्लीतल्या एका पोरीने अर्ध्या तासात मराठी अर्ज लिहून दिला, मी फक्त लेआउट बदलून दिलं होतं.

'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला अर्धा र सगळ्यांनाच छळतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे ने ऱ, मग डी ने हलन्त, मग पुढचं अक्षर. साधा र घेतलात तर 'दुसर्या' होतं आणि वाचणारा हसतो.

इंग्रजी अक्षरांत 'बेळगाव' लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज घाला. मी ते शेवटचा पर्याय म्हणून सांगतो. मोबाइलवर ठीक आहे, पण दिवसाला वीस पानं करणाऱ्याने लेआउटच शिकावं.

पूर्ण सिस्टमच मराठीत केली तर?

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, पण ग्राफिकल इन्स्टॉलर निवडला तरच. साध्या काळ्या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. म्हणूनच माझा सल्ला उलटा असतो: सिस्टमची भाषा इंग्रजी ठेवा, माणसाची मराठी करा. नाहीतर ज्या दिवशी ग्राफिक्स बंद पडेल, नेमकी त्याच दिवशी काळ्या पडद्यावरची चूक चौकोनांत वाचायची वेळ येईल. शिवाय भाषा मराठी केल्यावर घरातल्या फोल्डरांची नावं मराठीत बदलू का असं विचारतात. तिथे नको म्हणा. टर्मिनलमध्ये डाउनलोड्स गाठायला प्रत्येक वेळी कीबोर्ड बदलणं म्हणजे शिक्षा.

'डीपीकेजी-डॅश-रीकॉन्फिगर लोकेल्स' देऊन यादीत मराठी आणि कन्नड दोन्हीचे यूटीएफ-८ निवडा. मग लाइटडीएमच्या पट्टीवर भाषेचा मेनू आहे, ज्याने त्याने आपली घ्यावी. एकाच घरात सुनेचं लॉगिन कन्नडमध्ये आणि सासऱ्यांचं मराठीत, असं एक मशीन मी टिळकवाडीत बसवून आलोय. काही मेनू दोघांनाही इंग्रजीतच दिसतात, त्याला इलाज नाही.

जुन्या श्रीलिपीच्या, नुडीच्या फाइल उघडतील का?

उघडतील, पण मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. त्या काळात अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असत, फाँट तेवढा मराठी. ते युनिकोडमध्ये रूपांतर करूनच घ्यावं लागतं, आणि नंतर डोळ्यांनी तपासावं लागतं. नावांत चूक झाली तर पत्रिकावाल्याची पंचाईत होते.

खरं सांगायचं तर वीस वर्षांची पेजमेकर-कोरलची कामं असलेल्या दुकानाला मी लिनक्स घालून देत नाही. जुनं मशीन जुन्या कामासाठी, नेट काढून, तसंच ठेवा. नवं काम इंकस्केप आणि स्क्रायबसमध्ये सुरू करा, दोन्हीत युनिकोड देवनागरी नीट जुळते.

करंट गेला, परत आला, आणि आता 'इनिट्रॅमएफएस' लिहून थांबलंय.

लिहिता लिहिता करंट गेल्याने डिस्कच्या वहीत खाडाखोड झालीय. वरच्या ओळींत कुठल्या विभागाची तक्रार आहे ते असतं, 'डेव्ह' ने सुरू होणारं नाव. तेच नाव घेऊन 'एफएससीके, जागा, डॅश-वाय, जागा, ते नाव' द्या, संपलं की 'एक्झिट'. बहुतेक वेळा मशीन उठतं. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे करू नका, आधी डेटा दुसरीकडे काढा.

याच घराण्यातला दुसरा प्रश्न: एपीटी म्हणतो 'रिलीज फाइल अजून वैध नाही', ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. निपाणीहून असा एक सीपीयू एसटीत बसून माझ्याकडे आला. पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख २०१२ ची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल मेला होता, करंट गेला की घड्याळ मागे जायचं. सेल बदलला, तारीख लावली, दहा मिनिटांचं काम. सीपीयू पाठवायच्या आधी तारीख बघून फोन करा, एसटीचे पैसे वाचतील.

एक्स घेऊ की वेलँड?

एक्सएफसीई घेतलात तर एक्स. ग्नोम किंवा केडीई घेतलात तर वेलँड आपोआप येतो. यावर भांडणारे भांडोत.

लिनक्स नको, बीएसडीच हवंय. तिथे काय?

बीएसडी ही युनिक्सच्याच घराण्यातली दुसरी शाखा. कॉलेजची पोरं हे विचारतात, आणि मला आवडतं. ओपनबीएसडीत एक्स मूळ सिस्टमबरोबरच येतो, इन्स्टॉलर तुम्हाला तो चालू ठेवायचा का एवढंच विचारतो. फ्रीबीएसडीत सगळं हाताने: 'पीकेजी इन्स्टॉल' ने एक्सओआरजी आणि एक्सएफसीई, ग्राफिक्ससाठी डीआरएम-डॅश-केमॉड, स्वतःचं नाव 'व्हिडिओ' गटात, आणि डी-बस चालू. यातली एक जरी पायरी विसरलात तरी काळा पडदा, आणि तो कुठल्या थरावर अडलाय ते शोधत बसायचं. वायफायचं कार्ड चालतं का, ते मात्र आधी पेनड्राइव्हवरून बघून घ्या.